जुनी गाडी हाती घेताना : नवशिक्यासाठी देखभाल-दुरुस्तीचा क्रम

जुन्या गाडीची प्रकृती तिच्या मीटरवरच्या किलोमीटरवरून ओळखण्याची सवय नवशिक्याने सर्वांत आधी सोडून द्यावी. पंधरा वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर चाललेली गाडी ऐकायला मोठी मोहक वाटते. पण त्या पंधरा वर्षांत तिचे रबरी होज, म्हणजे नळ्या, कडक झालेले असतात, ब्रेक ऑइलने हवेतली ओल शोषून घेतलेली असते, टायरच्या बाजूंना बारीक भेगा पडलेल्या असतात आणि टाकीतले पेट्रोल उभ्या उभ्या शिळे झालेले असते. याउलट रोज रस्त्यावर असलेली, दोन लाख किलोमीटर पार केलेली, पण वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी बरेचदा कमी त्रास देते. धातू वापराने झिजतो. रबर आणि द्रव पदार्थ मात्र गाडी नुसती उभी राहिली तरी म्हातारे होतात. म्हणून जुन्या गाडीचे पहिले काम इंजिन उघडण्याचे नसून रबर आणि द्रव यांची झडती घेण्याचे असते.

दुसरी गोष्ट क्रमाची. गाडी हाती आली की बहुतेकांचे लक्ष आधी रंगाकडे, सीट कव्हरकडे किंवा पिकअपकडे जाते. प्रत्यक्षात गाडी आधी थांबली पाहिजे, मग सरळ चालली आणि वळली पाहिजे, मग तिचे इंजिन गरम न होता चालले पाहिजे, त्यानंतर ते चांगले चालले पाहिजे. दिसण्याचा विचार त्याच्याही नंतर. पुढच्या पायऱ्या साधारण याच क्रमाने मांडल्या आहेत.

पाना हातात घेण्यापूर्वी

आपल्या मॉडेलचे वर्कशॉप मॅन्युअल मिळवावे. गाडीसोबत येणारी मालकाची पुस्तिका ऑइल कोणते आणि किती, टायरमध्ये हवा किती, फ्यूज कुठे एवढे सांगते. कोणता बोल्ट किती ताकदीने आवळायचा, कोणती फट किती ठेवायची हे वर्कशॉप मॅन्युअलमध्येच असते. त्याबरोबर एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय बदलले आणि कोणता भाग घातला हे त्यात लिहावे. जुन्या गाडीचा पूर्वेतिहास क्वचितच पूर्ण मिळतो. तो नसेल तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा), ब्रेक ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) अशा वेळापत्रकावर बदलायच्या गोष्टी बदललेल्याच नाहीत असे धरून चालावे.

हत्यारांत फिक्स पाने, रिंग पाने, गोटी पान्यांचा एक चांगला संच, पक्कड, पेचकस, टॉर्क रेंच (ठरलेल्या ताकदीनेच आवळता येणारा पाना) आणि डिजिटल मल्टीमीटर एवढ्यावर नवशिक्याचे बरेच दिवस निघतात. संख्येने पुष्कळ पण हलक्या प्रतीचे पाने घेऊ नयेत, कारण हलका पाना बोल्टचे कोपरे गोल करतो आणि दहा मिनिटांचे काम दिवसभर पुरते. सहा कोनांची गोटी बारा कोनांच्या गोटीपेक्षा गंजलेल्या बोल्टवर अधिक घट्ट बसते, हेही खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे.

सुरक्षेच्या बाबतीत एका नियमाला अपवाद नाही. गाडी केवळ जॅकवर उचललेली असताना तिच्याखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. सपाट आणि टणक जमिनीवर, जमिनीवर टेकलेल्या चाकांना ओट लावून, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावावा आणि लगेच दोन्ही बाजूंना स्टँड, म्हणजे गॅरेजच्या भाषेत घोडी, द्यावी. जुन्या गाडीत ती जागा गंजून पोकळ झालेली असू शकते, म्हणून आधी तिथला पत्रा पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावा. भक्कम पत्रा टणक आवाज देतो, सडलेला भद्द वाजतो. विटा किंवा लाकडाचे ओंडके यांचा टेकू देऊ नये. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पहिली पाहणी

पहिली पाहणी रात्रभर उभ्या राहिलेल्या, पूर्ण थंड गाडीची करावी. आदल्या रात्री इंजिनाखाली आणि गिअरबॉक्सखाली मोठा, स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर खुणेने नोंदवावी. सकाळी पुठ्ठ्यावरचे डाग वाचता येतात. काळा किंवा तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग इंजिन ऑइलचा असतो. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वासाचा डाग कूलंटचा. लालसर डाग बहुधा ऑटोमॅटिक गिअर किंवा पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलचा. चाकाजवळचा फिकट पिवळसर, पातळ डाग ब्रेक ऑइलचा. हा शेवटचा डाग दिसला तर तो दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. एसीचे स्वच्छ पाणी मात्र चिंतेचे कारण नाही.

त्यानंतर डिपस्टिक ओढून पुसावी, पुन्हा घालून बाहेर काढावी. ऑइल काळे आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही, विशेषतः डिझेल इंजिनात ते लवकरच काळे होते. पातळी कमी असणे अधिक गंभीर आहे. ऑइल दुधाळ, कॉफीच्या फेसासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळते आहे आणि हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यावा. मात्र ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत तेवढा थोडा दुधाळ थर असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर ती पुष्कळदा फक्त छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफ असते. या दोन्हींत गल्लत होऊन उगाच हेड उतरवले गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

सगळे होज बोटांनी दाबून पाहावेत. चांगला होज दाबला की दबतो आणि पुन्हा मूळ आकार घेतो. दाबताना कुरकुरणारा, लाकडासारखा कडक झालेला, पिठासारखा मऊ पडलेला किंवा क्लिपजवळ फुगलेला होज आजच बदलावा. क्लिपच्या अगदी लगतचा भाग वाकवून पाहिल्याखेरीज पाहणी पूर्ण होत नाही, कारण भेगा तिथेच लपतात.

मग इंजिन चालू करून सायलेन्सरकडे पाहावे. थंडीत सुरुवातीला दिसणारी आणि विरून जाणारी पांढरी वाफ नेहमीची असते. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर कूलंट जळते आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तो उभ्या गाडीत सेल्फ मारताच एकदाच आला तर व्हॉल्व्हचे सील, आणि चढावर जोर लावताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. काळा धूर इंधन जास्त झाल्याचा.

ब्रेक

ब्रेकचे ऑइल हा सर्वांत दुर्लक्षित द्रव आहे. ते हवेतली ओल शोषते. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल शोषलेल्या स्थितीत तो १५५ अंशांपर्यंत खाली आला तरी ते प्रमाणात बसते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. लांब उतारावर ब्रेक तापतात, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्याने पायाखालचे पेडल एकाएकी खोल जाते. शिवाय तेच पाणी सिलिंडरला आतून गंज चढवते. म्हणून किलोमीटर कितीही कमी असोत, हे ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. डब्यावर डॉट ५ असे लिहिलेले ऑइल सिलिकॉनचे असते आणि ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळता येत नाही, डॉट ५.१ हे मात्र नाव सारखे असूनही वेगळे असून डॉट ४ च्याच जातीचे आहे. ब्रेक ऑइल रंग उतरवते, तेव्हा पत्र्यावर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

ऑइल बदलताना एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढण्याचे काम दोघांनी मिळून करावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल अर्धा फेरा सैल करून पारदर्शक नळीतून ऑइल बाटलीत जाऊ द्यायचे, निपल आवळल्यावरच पेडल सोडायचे. नळीत बुडबुडे येणे थांबेपर्यंत आणि स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे करावे. वरच्या डबीतले ऑइल एकदाही तळाला जाऊ देऊ नये, नाहीतर पुन्हा हवा शिरते आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. सुरुवात बहुधा मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून) सर्वांत लांबच्या चाकापासून होते, पण काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये पाहावा. जुन्या गाडीत पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू नये, त्याखाली लाकडाचा लहान ठोकळा ठेवावा; मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन एरवी कधी जात नाही तिथे गंज साचलेला असतो आणि तो वॉशरला चिरे पाडतो.

चाक उतरवल्यावर पॅडची जाडी पाहावी. घर्षणाचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला की नवे घालावेत. डिस्कची किमान जाडी सहसा डिस्कवरच कोरलेली असते. पॅड आणि शू नेहमी एकाच ॲक्सलच्या दोन्ही चाकांत एकदम बदलावेत, अन्यथा गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. गाडी ओढत असेल किंवा एकच चाक तापत असेल, तर पॅडच्या आधी रबरी ब्रेक होज तपासावा. वर्षानुवर्षे वापरलेला होज बाहेरून चांगला दिसतो पण आतून सुजतो. पायाच्या जोरामुळे ऑइल आत जाते, परत मात्र येत नाही आणि चाक जखडल्यासारखे राहते. निपल सैल करताच चाक मोकळे झाले तर दोष हायड्रॉलिक बाजूचा, म्हणजे बहुधा होजचा, असतो. तरीही जखडलेलेच राहिले तर पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर अडकलेला आहे. ब्रेकची धूळ हवेच्या फवाऱ्याने कधीही उडवू नये. जुन्या पॅडमध्ये आणि शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून घ्यावे.

टायर आणि स्टिअरिंग

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१८ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांपुढचा टायर वापरू नये आणि सहा वर्षांनंतर तो दरवर्षी नीट तपासावा. डिकीतली स्टेपनीही यात धरावी. ती बहुधा गाडीएवढीच जुनी असते.

उचललेले चाक वरून-खालून धरून हलवले असता खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आणि डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर जाणवली तर टाय रॉड एंड, असा पहिला अंदाज करावा. पूर्ण वळणावर चाकाकडून येणारा टकटक आवाज बाहेरच्या ड्राइव्ह जॉइंटचा असतो, आणि वेगाबरोबर वाढणारी, वळणावर कमीजास्त होणारी घरघर बेअरिंगची.

इंजिन थंड ठेवणे

जुनी इंजिने झिजून मरतात त्याहून अधिक गरम होऊन मरतात, असे माझे मत आहे. ॲल्युमिनियमचे हेड एकदा जास्त तापले की वाकते, गॅस्केट उडते आणि मग मोठे काम निघते. त्यामुळे तापमानाचा काटा चालकाने सवयीने पाहावा. काटा लाल भागाकडे निघाला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, कारण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. तरीही काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. गरम इंजिनचे रेडिएटरचे झाकण काढू नये. ते झाकण यंत्रणेत साधारण १ बार दाब राखते आणि त्या दाबाखाली साधे पाणीही १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. झाकण फिरवताच दाब जातो, आतले पाणी क्षणात उकळते आणि चेहऱ्यावर, हातांवर उडते. याच कारणाने झाकणाचे रबर सैल झालेली गाडी बाकी सर्व ठीक असूनही उकळू शकते, आणि हा गाडीतला सर्वांत स्वस्त भागांपैकी एक असल्याने तो आधी बदलून पाहावा.

यंत्रणेत नळाचे पाणी भरू नये. त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे निम्मे-निम्मे मिश्रण बहुतेक गाड्यांना चालते. कूलंट केवळ गोठू नये म्हणून घालतात हा समज अपुरा आहे. त्यातली गंजरोधक द्रव्ये वॉटर पंप आणि हेडचे रक्षण करतात आणि काही वर्षांत संपतात, म्हणून ते ठरावीक काळाने बदलायचे असते. रंगावरून जात ओळखू नये, कारण रंगाचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. मॅन्युअलमधला दर्जा पाहून घ्यावे आणि दोन जाती मिसळू नयेत. एथिलीन ग्लायकोल असलेले कूलंट गोड लागते आणि विषारी असते, म्हणून सांडलेले कूलंट जनावरांच्या किंवा मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट तापमानाप्रमाणे उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकण्याचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. तो मानू नये. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो आणि त्यामुळे इंजिन लवकर योग्य तापमानाला येते. तो नसला की इंजिन थंडच चालते, इंधन जास्त खाते, ऑइलमध्ये ओल साचते, आणि गरम होण्याचे मूळ कारण तसेच राहते. थर्मोस्टॅटची परीक्षा सोपी आहे. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी निवताना पुन्हा मिटला पाहिजे.

ऑइल आणि टायमिंग बेल्ट

ऑइलच्या डब्यावरचे १०डब्ल्यू-४० यांसारखे आकडे गोंधळात टाकतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहते ते सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा दाखवतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेतच ऑइल घ्यावे. इंजिन किंचित गरम असताना ऑइल काढावे, प्रत्येक वेळी फिल्टर बदलावा, फिल्टरच्या रबराला नव्या ऑइलचे बोट लावावे आणि तो हातानेच आवळावा. ड्रेन प्लगचे आटे ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये असतील तर ते सहज जातात, म्हणून प्लग आधी बोटांनी फिरवत न्यावा आणि शेवटीच टॉर्क रेंच लावावा. जुने ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये, पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

टायमिंग बेल्ट हा भाग सूचना न देता तुटतो. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आदळतात. बेल्टचे आयुष्य मॉडेलप्रमाणे ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा काही ठरावीक वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते, असे दिलेले असते. बेल्ट कधी बदलला हे ठाऊक नसेल तर गाडी घेतल्यावर लवकरात लवकर तो, टेन्शनर आणि बेल्टवरच फिरणारा असेल तर वॉटर पंप, असे एकदमच बदलून घ्यावेत. हे काम नवशिक्याने स्वतः करू नये, कारण खूण एक दात चुकली तरी इंजिनचे नुकसान होऊ शकते.

वीज : एका तारेची गोष्ट

जुन्या गाडीतला विजेचा दोष शोधताना नवशिके भाग बदलत सुटतात. ही चूक मीही केली आहे. माझी गाडी कधी एका झटक्यात चालू व्हायची, कधी सेल्फ मारला की फक्त टक् असा आवाज यायचा. मी बॅटरी बदलली. आठवडाभर सुरळीत गेले, कारण बॅटरी बसवताना टोके साफ झाली होती. मग पुन्हा तेच. मी स्टार्टर उतरवून त्याचे ब्रश बदलून घेतले. पुन्हा चार दिवस बरे, पुन्हा टक्. शेवटी एका संध्याकाळी सात-आठ वेळा सेल्फ मारून झाल्यावर क्लच केबलला हात लागला, आणि ती गरम होती.

क्लच केबल गरम होण्याचे काही कारण नसते. मी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगितले. या दोन बिंदूंमध्ये जवळजवळ शून्य दिसायला हवे होते, मीटरने २.८ व्होल्ट दाखवले. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी वरून ठीक दिसत होती, पण तिचा बोल्ट काढल्यावर खाली पांढरट-हिरवी पूड आणि तुटलेल्या तारांचा झुपका होता. सेल्फचा प्रचंड प्रवाह परतीची वाट म्हणून क्लच केबलमधून जात होता. पट्टी बदलली, दोन्ही जागा सँडपेपरने चकचकीत केल्या, आणि तोच मीटर ०.१ व्होल्टवर आला. नवी बॅटरी आणि नवे ब्रश मात्र अंगावर पडले ते पडलेच.

त्यावरून क्रम असा बसतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर काम करतो आहे. हे आकडे ठीक असूनही दोष असेल तर अर्थच्या आणि धन बाजूच्या जोडांवर वरच्यासारखा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे त्या जोडावर वाया जाणारे व्होल्ट, मोजावा. सेल्फ मारताना एका बाजूवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप असेल तर त्या बाजूचा एखादा जोड किंवा तार खराब आहे. गाडी उभी असताना बॅटरी उतरत असेल तर मीटर अँपिअरवर ठेवून सगळे बंद असतानाचा प्रवाह पाहावा. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जावे, ज्या फ्यूजनंतर आकडा पडतो त्या सर्किटमध्ये दोष आहे. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडावे आणि बसवताना शेवटी जोडावे, म्हणजे धन टोकावरचा पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. उडालेल्या १० अँपिअरच्या फ्यूजच्या जागी २० चा घालू नये. मग फ्यूजऐवजी तार जळते.

स्पार्क प्लग हा इंजिनच्या आत डोकावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. टोक फिकट तपकिरी किंवा करडे असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त, ओले तेलकट टोक म्हणजे ऑइल वर येते आहे, पांढरे फोड आलेले टोक म्हणजे सिलिंडर प्रमाणाबाहेर तापतो आहे. प्लग थंड इंजिनातून आणि एका वेळी एकच काढावा, म्हणजे तारांची अदलाबदल होत नाही. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडून ठेवावेत. चारांतला एकच वेगळा दिसत असेल तर दोष त्याच सिलिंडरमध्ये शोधावा.

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचण्याचा, एकसारखा सॉकेट आला, तेव्हा त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत साध्या स्कॅनरने कोड वाचता येतो. कोड म्हणजे निदान नव्हे. पी०४२० हा कोड धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचे सांगतो, पण सायलेन्सरच्या जोडातली गळती किंवा खराब सेन्सरही तोच कोड आणू शकतो. कोड वहीत लिहून ठेवावा, पुसावा, आणि तो पुन्हा येतो का ते पाहावे.

इंधनाची बाजू

वर्षभर उभ्या असलेल्या गाडीचे शिळे पेट्रोल आधी काढून टाकावे आणि मगच सेल्फ मारावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल कार्ब्युरेटरच्या काळातल्या काही गाड्यांच्या रबरी नळ्या मऊ किंवा ठिसूळ करते आणि पाणीही शोषते, म्हणून त्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या आणि इंधनासाठीच बनवलेल्या होजने बदलाव्यात. इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद असतानाही नळीत दाब असतो; तो मॅन्युअलप्रमाणे उतरवल्याशिवाय जोड सोडू नये. हे काम उघड्यावर, बॅटरी सोडून आणि आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवूनच करावे.

गंजलेला बोल्ट आणि गंजलेला पत्रा

जुन्या गाडीवर काम करणे म्हणजे निम्मा वेळ गंजलेल्या बोल्टशी बोलणी करणे. आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर पेनिट्रेटिंग ऑइल मारावे आणि शक्य तर रात्रभर सोडावे. दुसऱ्या दिवशी बोल्ट सोडण्याआधी तो किंचित आवळण्याच्या दिशेला फिरवावा. गंजाची पकड त्या झटक्यानेही सुटते. मग थोडा सैल, थोडा आवळ, असे पुढे-मागे करत काढावा. नुसता जोर लावला तर डोके तुटते आणि उरलेला बोल्ट भोक पाडून काढावा लागतो. नळ्या किंवा रबर जवळ असताना उष्णता देऊ नये. भाग सुटा करण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा, आणि बोल्ट पुठ्ठ्यावर त्या भागाचे चित्र काढून त्याच जागी खुपसून ठेवावेत, कारण सारखे दिसणारे दोन बोल्ट लांबीला वेगळे असू शकतात.

पत्र्याचा गंज दाराच्या खालच्या कडेपासून, चाकाच्या कमानींच्या आतून आणि उंबऱ्याच्या पोकळीतून सुरू होतो. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती मातीने बुजली की दार आतून सडते, म्हणून दर पावसाळ्याआधी ती तारेने मोकळी करावीत. फुगलेल्या रंगावर नुसता रंग मारू नये. गंज चकचकीत धातू लागेपर्यंत घासून काढावा, इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि मगच रंग. जॅक लावायच्या किंवा सस्पेन्शन बसवलेल्या जागेचा पत्रा सडला असेल तर ते वेल्डिंगचे, म्हणजे जाणकाराचे काम आहे.

कुठे थांबावे

काही कामे नवशिक्याने हाती घेऊ नयेत. एअरबॅगची यंत्रणा, सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग, एसीचा गॅस आणि टायमिंगचे काम ही त्यांत येतात. अशा वेळी मिस्त्रीकडे जाताना निदान सांगण्यापेक्षा लक्षण सांगावे. बेअरिंग बदला असे म्हटले तर बेअरिंग बदलले जाते. साठच्या वेगाला उजव्या पुढच्या चाकाकडून घरघर येते आणि डावीकडे वळताना वाढते असे सांगितले तर दोष शोधला जातो. काढलेला जुना भाग परत मागावा आणि बिलावर नव्या भागाचा क्रमांक लिहून घ्यावा.

स्वतः केलेल्या कामानंतर गाडी एकदम लांब नेऊ नये. आधी उभ्या गाडीत ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबून टणक लागते का ते पाहावे, मग मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून दोनदा थांबवून पाहावी. परत आल्यावर चाकांजवळ हाताचा पंजा नेऊन एखादे चाक बाकीच्यांपेक्षा गरम आहे का ते जोखावे. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळावेत आणि सुमारे १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. त्या रात्री पुठ्ठा पुन्हा गाडीखाली सरकवावा आणि सकाळी जे दिसेल ते तारखेसह वहीत उतरवावे.